लाल कुलूप

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामाला हात लावण्याआधी मुख्य बटण बंद करायचा, त्यावर स्वतःचं लाल कुलूप अडकवायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. तो लिफ्टच्या बोगद्यात लटकलेला असताना खाली कुणा शहाण्यानं बटण दाबलं, तर खेळ खलास. आणि ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते काढायचं, साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप. आमची सहा वर्षांची लवंगी हा नियम पाढ्यासारखा म्हणायची. तिचं खरं नाव वेगळं, पण बोलणं असं तिखट की ते नाव आता शाळेपुरतंच उरलंय.

इतका जपून राहणारा माणूस, आणि त्याच्या डोक्यातली नस फुटली ती घरात, बूट घालताना! मला रडू यायच्या आधी संताप आला. अजूनही येतो.

घरात आमचाही एक नियम होता. त्याचा धर्म वेगळा, माझा वेगळा. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी असा काही तमाशा केला होता की आम्ही कानाला खडा लावला, पोरीला कुणीच कुठं ओढायचं नाही. मोठी झाली की तिचं ती बघेल. तिनं देवाचं काही विचारलं की मी म्हणायची, "बाबाला विचार." तो म्हणायचा, "आईला विचार." आम्हाला वाटायचं, काय समजूतदार माणसं आहोत आपण!

आता बाबा अतिदक्षता विभागात, नाकातोंडात नळ्या. बाहेरच्या बाकावर एका टोकाला माझी आई, दुसऱ्या टोकाला सासूबाई. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. मधे लवंगी, हात जोडून, एक डोळा घट्ट मिटून बसलेली.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. मला आधी डोळ्याचंच सुचणार.

"काय गं, डोळा दुखतोय? अंधुक दिसतंय का?"

"नाही. ही आजी डोळे मिटून देवाकडे मागते, ती आजी उघडे ठेवून. मी दोन्ही करतेय. कुणाला राग नको."

मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू मिसळलं. तिनं माझी बाही ओढली.

"आई, बाबा कुठल्या देवाकडे जाणार? दोघी म्हणतात, देवाला आवडलेलं माणूस तो लवकर बोलावून घेतो. मग दोन्ही देव बोलावतायत का त्याला?"

इतक्या वर्षांत या दोन बायकांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते हे! मी त्या दोघींना नको नको ते बोलले. सासूबाई रडायला लागल्या, आई भिंतीकडे तोंड करून बसली. पोरीला उत्तर मात्र मिळालं नाही. 'बाबाला विचार' जिभेच्या टोकावर आलं होतं, ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या होत्या. मेंदूत काहीच उरलं नव्हतं, श्वास मशीन घेत होतं. बंद करायचं का, हे मला विचारत होते. मी हो म्हणून मान हलवली. ती मान माझीच होती, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "ताई, जरा बघता का?"

मशीनच्या वायरीला वेढा घालून पलंगाच्या दांडीला लाल कुलूप लावलेलं होतं. बाबाच्या कामाच्या पिशवीतलं. सकाळी लवंगीला बाबाला भेटायला आत सोडलं होतं, तेव्हाचा हा पराक्रम.

"आमचं काही अडत नाही, वायर निघते त्यातून," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पण म्हटलं, तुम्हाला सांगावं."

वायर मलाही ओढून काढता आली असती. पण मग पोरगी जन्मभर काय समजली असती? बाबाचं कुलूप खोटं होतं, आणि आपण त्याला वाचवायला कमी पडलो. मी तिला आत आणलं.

"तू लावलंस?"

"हो. आता कुणालाच बाबाला बंद करता येणार नाही. या आजीच्या देवाला नाही, त्या आजीच्या पण नाही." किल्ली मोज्यात होती. तिनं मोज्यावर हात दाबून धरला.

मी तिच्यासमोर फरशीवरच बसले. "लवंगे, बाबा कुलूप का लावायचा?"

"आत माणूस असतो म्हणून."

"आणि काढायचा कधी?"

"माणूस बाहेर आला की." ती माझ्याकडे बघत राहिली. मग पलंगाकडे. "आत बाबा नाहीये?"

"नाही गं. मशीन हवा भरतंय म्हणून छाती हलतेय. आत बाबा नाहीये."

"मग कुठंय? कुठल्या देवाकडे?"

"मला माहीत नाही. आज्यांना वाटतं त्यांना माहीत आहे. मला नाही. बाबालाही नव्हतं."

"मी एक डोळा उघडा ठेवला म्हणून झालं?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की सिस्टर दचकल्या. "डोळ्यानं नाही, मागण्यानं नाही, कुणाच्या रागानं नाही. नस फुटली, राणी. नळ फुटतो तशी फुटली. तू काही केलं नाहीस."

तिनं खरं मानलं की नाही, देव जाणे. हे असंच बोलतो आपण, आणि मला त्याचाही राग आला. ती बराच वेळ बाबाच्या बोटांना धरून उभी राहिली. मग मोज्यातून किल्ली काढली आणि पाय उंचावून कुलूप उघडलं. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं ढकलला. बरोबरच होतं, तिनं लावलं होतं.

कुलूप ती मला देईल असं वाटलं होतं. तिनं ते माझ्या खांद्यावरच्या पर्सच्या पट्ट्यात अडकवलं, खट्कन दाबलं आणि किल्ली परत मोज्यात घातली.

"आत तू आहेस ना?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.