वेळापत्रक वेगळं काढताना

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि कंपनी यांच्यामध्ये एकच दार आहे, आणि ते कधी नीट लागत नाही. कंपनी म्हणजे चार खुर्च्या, चार कॉम्प्युटर आणि आम्ही: माझे थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांची बायको, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, शिवाय माझा नवरा आणि मी. चार डोकी, पण दादांचा थाट असा की कारखाना चालवतोय.

आम्ही सॉफ्टवेअर विकतो. दादांचं दवाखान्यांसाठी, नवऱ्याचं गोदामांसाठी, माझं शाळांच्या वेळापत्रकाचं. ही तिन्ही मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचे तीन भाग, एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारात, राहतात. कोणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंदही तिथेच असते, आणि दादा ती पेपरासारखी वाचतात. मग जेवताना विचारतात, सुट्ट्यांचं काल पुन्हा बदललंस, जमत नाहीये का?

बरं, तिन्ही वेगळी म्हणावीत तर तसंही नाही. मधोमध ‘कॉमन’ नावाचं फोल्डर आहे. मी त्याला माळा म्हणते, कारण ज्याला कुठे जागा नाही ते तिथे फेकलेलं असतं. तारखांचा हिशेब, छपाई, सगळं त्यात, आणि त्याच्यावाचून कुणाचंच पान हलत नाही. दादांनी दवाखान्यासाठी तारीख लिहायची पद्धत बदलली की माझ्या शाळांचा गुरुवार शुक्रवारी उजाडतो. शिवाय नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जायची ती तिन्ही मॉड्यूलची एकदम. मागे एका शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत कोंबले गेले. चूक मी चहा निवायच्या आत काढली. पण नवऱ्याच्या गोदामाच्या चाचण्या नापास होत होत्या, म्हणून माझी दुरुस्ती आठवडाभर कुजत पडली. मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर माझी अशी काही खरडपट्टी काढली म्हणता, आणि नवरा शेजारी बसून शीळ घालत होता. त्या दिवशी मी ठरवलं, आता बास.

संधीही चालून आली. शाळा चालवणाऱ्या एका संस्थेने कळवलं की नुसतं वेळापत्रक घेऊ, पण ते तुमचं एकटीचं हवं. बाकीचं लटांबर नको. शाळा सुरू व्हायच्या आत द्या, बसायला खोली आम्ही देतो. मला त्या खोलीची स्वप्नं पडायला लागली, खरंच सांगते.

चोरून कॉपी घेऊन पळण्यातली मी नाही. सरळ दादांना विचारलं. ते आकांडतांडव करतील असं वाटलं होतं, पण शांतपणे म्हणाले, “तुझं आमच्याशिवाय चालू दे आणि आमचं तुझ्याशिवाय. दोन्ही झालं की घेऊन जा. माझा शब्द.”

पहिल्या अटीने मी झपाटले. दुसरी मला अटच वाटली नाही. माझ्यावाचून यांचं काय अडणार होतं, कपाळ?

मग माळ्यावरून एकेक गोष्ट उतरवली, झटकली आणि माझ्या फोल्डरात नव्याने लिहिली. तारखा लिहिल्या, सुट्ट्या लिहिल्या, छपाई लिहिली. प्रत्येकीला चाचण्या जोडल्या. वहिनी मदतीला होत्या. त्यांचं स्वतःचं असं मॉड्यूल नाही. कुणाचं काही अडलं की त्या तिथे. माझा तारखांचा हिशेब वाचून म्हणाल्या, किती स्वच्छ लिहिलंयस गं. मी हुरळून गेले.

ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर माझं मॉड्यूल नव्या, रिकाम्या रिपॉझिटरीत टाकलं आणि चालवलं. सगळं हिरवं, म्हणजे एकूण एक चाचणी पास. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग दादांनी जुन्या रिपॉझिटरीतून माझं फोल्डर काढलं आणि उरलेलं चालवलं.

दवाखाना लाल. गोदाम लाल. माळासुद्धा लाल.

सगळे माझ्या तारखा, माझ्या सुट्ट्या, माझी छपाई वापरत होते. माझा नवरासुद्धा. मी त्याच्याकडे बघितलं, तर म्हणतो, अगं, तुझं चांगलं चालत होतं ना. मी इतके दिवस फक्त माझ्या फोल्डरात डोकं खुपसून बसले होते, बाहेरून आत कोण कोण येतंय ते पाहिलंच नव्हतं. आणि यांनी मला ताकास तूर लागू दिली नव्हती.

दादांना राग नाही, उलट आनंद झाला. म्हणाले, आता हेच आपलं कॉमन. जुना कचरा काढून टाकू आणि हे मधोमध बसवू. घरच्या माणसाने केलेलं, याहून काय हवं? ते लगेच कामाला बसले.

मी नोंदी उघडल्या. बाकीच्यांना माझ्या मॉड्यूलला जोडणारा एकूण एक बदल वहिनींच्या नावावर होता. आमच्याकडे कुठल्याही बदलाला दुसऱ्या कुणाची तरी मंजुरी लागते. ती माझ्या नवऱ्याने दिली होती, अर्थातच न वाचता.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. मी विचारलं, “मुद्दाम केलंत?”

“हो.”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हटलं, तुम्हाला नसेल कुठे जायचं, पण माझा गळा का धरलात?

त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं. “तू ज्याला माळा म्हणतेस ना, ते माझं मॉड्यूल होतं. ग्रंथालयांसाठी लिहिलं होतं मी, तू यायच्या आधी. सुबक होतं गं. मग दोघे भाऊ त्यातलं घ्यायला लागले, भर घालायला लागले. नाव बदलून ‘कॉमन’ करताना मला विचारलं, मी म्हटलं, बदला.”

एवढी वर्षं मी यांच्यासमोरच त्याला नावं ठेवत होते.

“मग मलाही त्याच खड्ड्यात का ढकललंत?”

“तू गेलीस की त्या कंपनीच्या खोलीत मी आणि ते दोघेच,” वहिनी म्हणाल्या. “मला नाही सोसणार ते.”

मला त्यांची कीव आली आणि रागही तेवढाच आला. पण दादांचा बदल मी मंजूर करणार नव्हते. माझं फोल्डर जागच्या जागी राहिलं तर सगळे धागे पुन्हा सोडवीन, संस्थेकडे मुदत मागीन. एकदा का ते कॉमन झालं की यांचं माझ्याशिवाय कधीच चालणार नाही, संपलं. मी तरातरा आत गेले. नवरा दादांच्या खुर्चीमागे उभा राहून काहीतरी समजून घेतल्यासारखी मान हलवत होता. मी दादांना सांगितलं, माझी मंजुरी नाही.

ते म्हणाले, “तुझी कशाला? मिळाली की.”

मी वळून पाहिलं. वहिनी माझ्यामागून आत आल्या होत्या आणि आपल्या कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्या खुर्चीवरच्या फायली उचलून मला जागा करून दिली. मी दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसले असते, पण चौथी खुर्ची तेवढीच होती.