खांबावरची टिटवी

चार अंडी, भोवती तेवीस खडे आणि शेळीच्या सात लेंड्या. मित्रांनो, एवढाच माझा संसार. मी शेवगावजवळच्या माळावर राहणारी एक टिटवी आहे.

१९७३ च्या वैशाखात आमच्या माळावर दुष्काळी काम निघाले. पाझर तलावासाठी खणणारी माणसे रोज पुढे सरकत होती. पिल्ले बाहेर यायला अजून नऊ दिवस हवे होते आणि कुदळी उद्याच माझ्यापर्यंत पोचणार होत्या. मी ओरडत घिरट्या घालू लागले.

जेवणाच्या सुट्टीत गहिनीनाथ मासिकातले एक चित्र दाखवत होता. तो नुकताच बी.एस्सी. झालेला, कामावर हजेरी घेणारा. चित्र ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट नावाच्या प्राण्याचे होते. तोही माझ्यासारखा जमिनीवरचाच, पण नखांनी बीळ खणतो. मादीच्या पोटाला पिशवी असते. त्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते, म्हणून खणताना पिल्लावर माती पडत नाही. मला हेवा वाटला.

"खणायचंच काम हाय व्हय त्याला बी?" खणणाऱ्यांतला छगन म्हणाला. "मंग त्याची हजेरी कोन घेतं?"

सगळे हसले. पाटी वाहणारी आक्काबाई मात्र माझ्याकडे पाहत होती.

"भाऊ, हिला पिशवी न्हाई. आपली खूण हिच्याखालीच ठिवू."

खड्ड्याची खोली मोजता यावी म्हणून मातीचा एक खांब खूण म्हणून न खणता सोडतात आणि मोजणीनंतर पाडतात. मोजणी दहा दिवसांवर होती. माझ्याखालची जमीन उंच असेल तर माप खोटे येईल, अशी गहिनीनाथला शंका होती. त्याने दोरी ताणून पाहिली. जमीन सपाट निघाली.

मग भोवतालची माती गेली आणि मी खांबावर राहिले. बाजाराला निघालेल्या एका म्हाताऱ्याने मला पाहिले. टिटवीने उंचावर अंडी घातली, औंदा पाऊस लई, असे तो वाटभर सांगत गेला. खरे तर मी वर गेलेच नव्हते. जमीन खाली गेली होती. गहिनीनाथ त्याला समजवायला उठला, तर आक्काबाईने हात धरून बसवले.

"ऱ्हाऊ द्या. लोकं हसत तरी घरी जातील."

नवव्या दिवशी चारही पिल्ले निघाली. वॉम्बॅटचे पिल्लू महिनोन्‌महिने पिशवीत राहते; माझी त्याच दिवशी चालू लागली. आक्काबाई आणि छगनने खांबाला मातीचा उतार करून दिला. मी खालून हाका मारल्या.

मित्रांनो, माळावर पाऊल टाकताना आधी खाली पाहा. आमची अंडी खड्यांसारखीच दिसतात.

गहिनीनाथने घड्याळ लावले होते. उतार पाच फूट. शेवटचे पिल्लू सहा मिनिटांत खाली पोचले.