आक्कांनी घासलेले दगड

धाकट्या लेकाने बैठकीत समुद्र आणून ठेवला, तेव्हापासून आक्कांना बसायला सोफ्याचं एक टोकच उरलं होतं. चार फुटी काचेची टाकी, आत खारं पाणी, दगडांची रास, शेवाळ खायला सोडलेल्या गोगलगायी आणि दगडांवर फुलांसारखी हलणारी जिवंत पोवळी. या पसाऱ्यात आक्कांना पटलेला जीव एकच, तळहातात मावेल एवढा बुटका एंजल मासा. केशरी भडक अंग, वर काळे पट्टे, आणि तोरा असा की घर त्याच्याच नावावर आहे. आपल्याहून मोठ्या माशांना तो कोपऱ्यात दामटायचा.

"अस्सा पाहिजे," आक्का म्हणायच्या. "नाहीतर आमचे हे, जन्मभर स्वतःच्या घरात अंग चोरून चालले."

महिन्यापूर्वी लेक चार दिवस कामानिमित्त परगावी गेला. जाताना आक्कांना तीनदा बजावलं, टाकीला हात लावायचा नाही. पण दगडांवरचं हिरवं शेवाळ आक्कांच्या डोळ्यांत कधीचं खुपत होतं. जिच्या मोरीत आजवर कुणाचा पाय घसरला नाही, तिच्या बैठकीत शेवाळ? सून ऑफिसला गेल्यावर त्यांनी दातांचा कोरा ब्रश घेतला, स्टुलावर चढून कोपरापर्यंत हात बुडवला आणि एकेक दगड लख्ख केला. पुढे लेक आल्यावरही रोज दुपारी एक हात फिरतच राहिला.

"गोगलगायींनी काय काम केलंय बघ," लेक सुनेला कौतुकाने म्हणाला. आपल्या मेहनतीचं श्रेय गोगलगायी घेऊन गेल्या, आणि आक्कांना गप्प बसावं लागलं. असा अपमान त्यांनी सासरीही सोसला नव्हता.

मग एंजल पोवळ्यांना टोचू लागला. येता-जाता लचके तोडायचा. पोवळी मिटून बसली. शनिवारी लेकाने मासा परत देण्यासाठी दुकानदाराला फोन लावला.

"आणा, परत घेतो," दुकानदार म्हणाला. "पण दगडांवर शेवाळ आहे ना? हा मासा दिवसभर तेच चरतो. ते नसलं की पोवळ्यांवर जातो."

"शेवाळ आमच्या गोगलगायी ठेवतच नाहीत."

"किती आहेत?"

"सहा."

"सहा गोगलगायी एवढं साफ करतात?"

"आमच्या करतात," लेक अभिमानाने म्हणाला.

आपल्या ब्रशाने काय केलं ते आक्कांना आता कळलं. भाजी खारट झाली तर मिठाला बोल लावणारी ही बाई. चाळीस वर्षांत स्वतःची चूक तिने कुणाला दिसू दिली नव्हती. आणि लेक तर जाळी घेऊन आला. एंजल दगडाच्या कपारीत शिरला. लेकाने वरचा दगड हलवला. आतून दोन डोळे थेट आक्कांकडे बघत होते.

"ठेव ती जाळी," आक्का म्हणाल्या. "दगड मी घासते. रोज."

लेक ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. सुनेने तोंडावर हात धरला.

"हसू नकोस गं. त्याचं ताट मी रोज घासून ठेवत होते, जेवणासकट. उपाशी जीव करणार काय?"

"आक्का, तीनदा सांगितलं होतं."

"चौथ्यांदा सांगायचं होतंस."

जाळी परत गेली. दुकानदाराच्या सांगण्यावरून लेकाने वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पानं आणली. त्यातला तुकडा रोज चिमट्याने काचेला लावायचं काम आक्कांनी कुणी न विचारताच स्वतःकडे घेतलं. तीन आठवड्यांनी पोवळी उमलली आणि मधल्या दगडावर हिरवी झाक आली. आक्का समोरच बसल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घट्ट दाबून धरले.

"काय झालं, आक्का?" सुनेने विचारलं.

"काही नाही. जेवतोय तो. मधे बोलू नकोस."