डाग काढणारीचा लाल कागद

लॉन्ड्रीतले अकराही जण रांगेत उभे होते. गिऱ्हाइकाच्या कोटातलं घड्याळ गेलं, म्हणून मालकांनी रक्तपारखी महाराजांना बोलावलं होतं. महाराज म्हणजे बडा घर पोकळ वासा, पण आवाज खणखणीत.

"चोरी रक्तात असते, बाळांनो! आजोबाची बापात, बापाची पोरात. या मंतरलेल्या कागदाला ओला अंगठा लावा, रक्त आपणहून बोलेल!"

दहा कागद पिवळेच राहिले. डाग काढणारीचा मात्र लालभडक झाला.

"अगं बाई!" घडी घालणारी किंचाळली. "हिचा बाप तुरुंगात होता ना!"

झालं! मालकांनी बजावलं, सोमवारपर्यंत घड्याळ आण, नाहीतर काम सोड. जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसेना. त्याहून वाईट म्हणजे तिलाही ते पटलं. घरी तिने स्वतःचीच पिशवी तीनदा उलटी केली. नाक बापाचं, राग बापाचा, मग हातही त्याचेच असतील? विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं. फार एकटी पडली बिचारी.

हाताच्या भेगा दाखवायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिने हे सगळं सांगून टाकलं.

"दिवसभर हात कशात असतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"धुण्याच्या सोड्यात. ते काम माझं एकटीचंच."

"आणि कागद पिवळा होता? सोमवारी मी येते."

सोमवारी महाराज कबुली ऐकायला हजर होतेच. डॉक्टरीणबाईंनी मालकांचा अंगठा सोड्यात बुडवून महाराजांच्याच कागदावर टेकवला. लाल! घडी घालणारीचाही लाल!

"कागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेत. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. कोण कुठे काम करतं, ते महाराज आधीच बघून गेले असणार. महाराज, तुमचाही अंगठा बघू!"

"आज ग्रहमान ठीक नाही," म्हणत महाराजांनी काढता पाय घेतला.

"पण बापाचा गुण येतोच ना?" मालक पुटपुटले.

"तापटपणा, उतावळेपणा थोडाफार येत असेल. घर, संगत, परिस्थितीही माणूस घडवते. पण अमक्याने घड्याळ चोरलं, हे रक्त सांगत नाही. त्याला पुरावा लागतो."

डाग काढणारीने हळूच विचारलं, "म्हणजे मी चोर नाही ना?"

"ते मला काय ठाऊक? घड्याळ तुम्ही घेतलंत का?"

"नाही."

घड्याळ अजून सापडलेलं नाही. पण कागदाला विचारण्याआधी माणसाला विचारावं, एवढी साधी अक्कल अकरा जणांत एकालाही सुचली नव्हती. तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. ती पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही घेतलं मी."