कामास लायक

“दोन बोटं गेली, नि सायबानं लिवलं ‘कामास लायक’,” ओटीवर बसलेला धाकू म्हणाला. “सायबाला एक दिस मीठ उचलाया धाडा, अण्णा. मंग बघू कोन लायक.”

हरिहरपंत, म्हणजे घरचे अण्णा, कल्याणच्या दवाखान्यात जखमांची नोंद ठेवीत. छापील तक्त्यात रकाने तीनच: जखमेची लांबी, खोली, आणि माणूस कामास लायक की नालायक. धाकूची बोटं मिठाच्या मालगाडीच्या दारात चेंगरली होती. अण्णा मात्र प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारीत आणि उत्तर समासात शिसपेन्सिलीनं टिपून ठेवीत. दवाखान्याचा साहेब ते दर महिन्याला खोडायला लावी.

“आता तुझं काय अडतं?” अण्णांनी धाकूलाही विचारलं.

“बायको गेली तवापासून पोरीची येनी मीच घालतो. आता पेड धरवत नाय. केस वढतात, रडते ती. काल बोलली, बाबा, राहू दे, मना येनी नको.”

माजघरात अण्णांची मुलगी उत्तरा तक्त्याची नक्कल करीत होती. अण्णांची नजर अधू झाल्यापासून सरकारी कागदावरचं अक्षर तिचंच असे. ती तेहतीस वर्षांची होती; अकराव्या वर्षी विधवा झालेली. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं ते अण्णांनी, पुढं न्हावी बोलावला तोही अण्णांनीच. मग त्यांनीच तिला अक्षर शिकवलं, मुंबईहून पुस्तकं मागवून दिली. कशानं कशाची किती भरपाई झाली, हे दोघांनीही कधी बोलून पाहिलं नव्हतं.

धाकू गेल्यावर अण्णा आत आले आणि खांबाला टेकून बसले. तिच्या डोक्यावरच्या पदराकडे बघत म्हणाले, “गावाला विचारत बसतो. तुला कधी विचारलं नाही. तुझं काय अडलं, उत्तरे?”

तिनं टाक पुसला. “भात निवतोय, अण्णा.”

“माझ्या हातून झालंय, म्हणून विचारतो.”

“ठाऊक आहे मला. आधी जेवून घ्या.”

ते जेवले. ताक आंबट म्हणाले आणि तरी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्येच्या पाटावरच ते कलंडले. डॉक्टरांनी नाडी पाहिली. “त्रास झाला नसेल. कळलंसुद्धा नसेल त्यांना.”

दुपारी तिरडी उचलायची वेळ झाली. उत्तरा पुढं आली, तशी आत्यानं सवयीनंच तिचा दंड धरला. “मागं हो गं. निघताना समोर नको.”

बावीस वर्षं अण्णा कामावर निघाले की ती मागल्या पडवीत जाऊन उभी राही. विधवेचं तोंड बघून कुणी निघू नये, म्हणून. जा असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. थांब, असंही कधी म्हटलं नव्हतं.

तिनं आत्याचा हात हळूच सोडवला आणि उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. खांदेकरी थबकले.

“अण्णा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुम्ही निघताना मला रोज इथं उभं राहायचं होतं.”