समोर उभी राहणारी

काकांनी घरात काकूंचं कधी ऐकलं असेल तर शपथ. स्वेटर घाला म्हटलं की हे गळ्याची गुंडी उघडणार. नळ गळतोय म्हटलं की "बघू" म्हणणार. जन्मभर लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस, आणि त्याच्याच स्वयंपाकघरातला नळ वर्षभर टिपटिपत होता. पण एक जागा अशी होती, जिथे हाच माणूस काकूंच्या करंगळीच्या तालावर चालायचा. ती जागा म्हणजे खडकाळ चढावर, त्यांच्या जुन्या जीपच्या नाकासमोर.

सुट्टीच्या दिवशी पाच-सहा जण आपापल्या गाड्या घेऊन रानात जायचे. ओढ्यात घालायच्या, चिखलात रुतवायच्या, दोर लावून ओढून काढायच्या, आणि मग आठवडाभर गाडीखाली निजून मोडलेलं दुरुस्त करत बसायचं. याला ही मंडळी मजा म्हणायची. अवघड दगड आला की कुणीतरी उतरून समोर उभं राहायचं आणि हातांनी खुणा करून चाक कुठे घालायचं ते दाखवायचं. बाकीच्यांपुढे कुणीही उभं राहायचं. काकांपुढे फक्त काकू.

त्या कॅनव्हासचे बूट घालून चढावर उलट्या पावलांनी चालत. बोट वाकवलं की डावीकडे, दोन्ही पंजे छातीकडे ओढले की ये, मूठ वळली की जागच्या जागी थांब. चिमूट दाखवली की अगदी कणभर. काका हूं की चूं न करता तसंच करत. मंडळींनी त्यांचं नावच हवालदार काकू ठेवलं होतं. त्या वरवर रागवायच्या, पण आतून सुखावायच्या. आठवड्यातून एकदा का होईना, नवरा आपलं ऐकतो हे काय कमी होतं?

मग काकूंना दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग सपाट रस्त्यावरही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदय थकलंय, आता औषधांवर जेवढं चालेल तेवढं. चढ एकदम बंद.

"म्हणजे पंपच गेला," काका दवाखान्याबाहेर हसत म्हणाले. "बघ, नेमका घरचाच पंप मला खोलता येत नाही." घरी आल्यावर ते न्हाणीघरात गेले आणि बादलीत पाणी सोडून बराच वेळ आतच राहिले. बादली भरून वाहत होती, ते काकूंना बाहेर ऐकू येत होतं.

त्यानंतर काकांनी गाडीचं काम काढलं. स्प्रिंगा बदलल्या, नवे खोल नक्षीचे टायर घातले. क्लचची प्लेट नवी टाकली. तेव्हा काकू शेडमध्ये स्टुलावर बसून बॅटरीचा उजेड धरत होत्या आणि मागतील तो पाना हातात देत होत्या. सगळ्यात शेवटी आले कॅमेरे. एक बंपरखाली, एकेक पुढच्या दोन्ही चाकांपाशी, आणि आत स्टिअरिंगशेजारी छोटा पडदा.

"हे बघ," काका लहान पोरासारखे फुशारकीने म्हणाले, "चाकाखालचा खडादेखील दिसतो. आता कुणी समोर उभं राहायची गरजच नाही! तू आपली शेजारी बसायचं, ऐटीत."

"बरं," काकू म्हणाल्या.

माणसाने आपल्यासाठीच केलंय हे त्यांना कळत होतं. तरी त्या पडद्याचा त्यांना सवतीसारखा राग आला. होती नव्हती ती एक नोकरी, तीही गेली. मोडो मेला तो कॅमेरा, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटली.

पुढच्या सहलीला मंडळी सासूबाईपाशी जमली. सासूबाई म्हणजे एक उभा खडकाळ चढ. काही केलं तरी खूश होत नाही, म्हणून हे नाव. बाकीच्या गाड्या कण्हत कुंथत वर गेल्या. काकांची पाळी आली.

"काकू, नोकरी गेली की तुमची!" मंडळींतले दाताचे डॉक्टर वरून उतरून खिडकीशी येऊन म्हणाले. माणूस मनाचा चांगला, तोंडाचा फाटका. "काका, मी राहू का समोर उभा?"

"नको," काका म्हणाले.

गाडी चढाला लागली. पुढची चाकं पहिल्या पायरीवर चढली, नाक वर झालं आणि काकूंच्या समोरची काच नुसत्या आभाळाने भरून गेली. खडक नाही, वाट नाही. बॉनेट आणि त्यापुढे आभाळ. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, यांना निम्मं तरी दिसतं, आपण आपला थोडा हातभार लावतो.

"अहो, काहीच दिसत नाही की हो!"

"कधीच दिसायचं नाही."

"मग यायचात कसे?"

"तू दिसायचीस ना."

आणि गाडी थांबली. पडद्यावर डावं चाक, त्यापुढचा दगड, दगडावरचं शेवाळं, सगळं लख्ख दिसत होतं. कॅमेरा बिचारा चोख काम करत होता. पण काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते काचेतून बघत होते, जिथे काकू उभ्या राहायच्या तिथे.

"थोडं डावीकडे घ्या," काकू पडद्याकडे बघून हळूच म्हणाल्या. "पडद्यात दिसतंय."

"दिसतंय गं. सगळं दिसतंय." काका काचेतूनच बघत म्हणाले. "पण समोर कुणीच नाही."

काकूंना उमगलं. हा माणूस आजचा चढ बघत नव्हता. त्या नसतील तेव्हाचा बघत होता. आपल्यावाचून यांचं अडावं, हेच तर त्यांनी मनातल्या मनात मागितलं होतं. ते मिळालं, आणि आता त्यांना ते सोसवेना. यांनी सुखाने वर जावं, कॅमेऱ्याने जावं, कुणाच्याही खुणेने जावं, पण जावं, असं त्यांना जीव तोडून वाटलं. पण आज नव्हे.

त्यांनी हात वर केला. दोन्ही पंजे काचेकडे करून हळूहळू ढकलले. मागे घ्या.

काकांनी मुकाट्याने ऐकलं. काकू खिडकीतून मान काढून मागचं बघत होत्या, बोटाने डावं उजवं दाखवत होत्या, आणि काका आरशात त्यांचं बोट बघत इंचाइंचाने गाडी खाली आणत होते. सासूबाईवरून काका असे कधी परतले नव्हते. वरची मंडळी चढाच्या कडेशी येऊन बघत राहिली.

दाताचे डॉक्टर धावत आले. "काय झालं, काका?"

काका स्टिअरिंग धरून बसले होते. "क्लच," ते म्हणाले. "क्लच घसरतोय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नव्या क्लचवर उजेड त्यांनीच धरला होता.

"हो ना," त्या म्हणाल्या. "मला तर जळका वासही आला."