नळीमागे चार दिवस

रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात मी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले, तेव्हा तिथल्या मुख्य तंत्रज्ञ बाई शेजारणीला म्हणाल्या, "आल्या उंटावरच्या शहाण्या." मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. वय पन्नाशीचे, पायात सपाट बूट, कानामागे पेन.

मला राग आला नाही. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मीही अशाच खोलीत पांढरा कोट घालून वावरत होते. अकरा वर्षे प्रथिनांवर संशोधन केले, कायमची नोकरी काही मिळाली नाही, आणि चौतिसाव्या वर्षी व्यवस्थापन सल्लागारांच्या कंपनीत आले. इथे माझा साहेब अठ्ठावीस वर्षांचा. तो मला 'डॉक्टर' म्हणतो, थोडे आदराने, थोडे गमतीने. मी त्याला अरेतुरे करते, त्यानेच सांगितले म्हणून. सोमवारी रुग्णालयाच्या संचालकांसमोर आमचे सादरीकरण होते आणि मंगळवारी मला कायम करायचे की नाही, हे ठरणार होते. नवरा रोज सकाळी डबा भरताना विचारायचा, "काही कळलं का?" मग माझ्या तोंडाकडे बघून डब्याचे झाकण लावायचा.

विभागात पाच माणसे. खरोखर किती लागतात, ते आम्ही सांगायचे. मी चार दिवस मोजले. माझ्या तक्त्यात दोनच रकाने होते, 'काम' आणि 'थांबणे'. बेरीज केल्यावर थांबणे बेचाळीस टक्के निघाले. साहेबाने तेवढ्यावर स्लाइड केली: पाचऐवजी तीन माणसे पुरेत.

शुक्रवारी दुपारी मी तो आकडा बाईंना दाखवायला गेले. निष्कर्ष काढला की ज्याच्यावर काढला त्याला दाखवायचा, ही जुनी सवय.

"बेचाळीस टक्के वेळ मी बसून असते?" त्या म्हणाल्या. "कधी, तेवढं सांगा. जेवून तरी घेईन."

"हे बघा. नऊ वीसला रक्त आलं, नऊ पन्नासपर्यंत थांबलं."

"रक्त थांबलं. गोठल्याशिवाय नळी यंत्रात फिरवायची कशी? तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगू. पण त्यात मी कुठे थांबले?"

मी तक्ता पाहिला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नळीचा क्रमांक होता. माणूस कुठेच नव्हता.

अकरा वर्षे मला एकच शिकवले गेले होते: नमुन्यावरून नजर हलवायची नाही. मी ती हलवली नव्हती. नळी स्टँडमध्ये अर्धा तास उभी होती, तेव्हा मी तिच्यासमोर अर्धा तास उभी होते. त्या वेळात बाई काय करत होत्या, हे मला सांगता येईना. माझी त्यांच्याकडे पाठ होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"माणसं कमी होणार?"

"दोन."

त्यांनी पाठीमागे काम करणाऱ्या दोघींकडे पाहिले. "म्हणजे या दोघी. माझी नोकरी जुनी आहे, मला नाही हात लावणार."

साहेब कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता. समोरचा चहा गार झालेला.

"आकडा चूक आहे," मी सांगितले.

"किती चूक? पस्तीस लिहू?"

"किती ते मला माहीत नाही. मी नळ्या मोजल्या, माणसं नाही."

त्याने डोळे चोळले. "डॉक्टर, हे संचालकांच्या लक्षात येणार आहे का?"

"त्यांचं माहीत नाही. बाईंच्या एका मिनिटात आलं."

"मला हे तुमच्या फाइलमध्ये लिहावं लागेल. मंगळवारी ती फाइल उघडतील."

"लिही."

"अकरा वर्षं शिकून ही चूक?"

"अकरा वर्षं शिकले म्हणूनच झाली."

तो हसला नाही. त्याने ती स्लाइड काढून टाकली आणि संचालकांच्या कार्यालयात फोन लावून दोन आठवडे मागून घेतले. स्वतःच्या वरिष्ठांना काय सांगायचे, ते बहुधा त्यालाही ठाऊक नव्हते.

मंगळवारी मला कायम केले नाही. काढलेही नाही. आणखी तीन महिने बघू म्हणाले.

"म्हणजे हो की नाही?" नवऱ्याने विचारले.

"म्हणजे परत मोजायचं."

"मग लवकर झोप," तो म्हणाला आणि माझे ताट उचलून घेऊन गेला.

बुधवारी सकाळी सातला मी पुन्हा विभागात हजर झाले. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"आज कोणाच्या मागे?"

"तुमच्या."

"मग चला. आणि ते उंच टाचांचे बूट काढा, पाय राहणार नाहीत."

साडेदहापर्यंत तीन कागद भरले. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. 'थांबणे' या रकान्यात अकरा मिनिटे झाली होती. त्यातली चार बाई जिन्यात माझ्यासाठी थांबल्या होत्या.